कोंबडीला दवाखाना नसतो का?

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

तुमच्या शेतीच्या पुरवणीत मध्यंतरी परसातल्या कोंबड्यांवर अर्धं पान आलं होतं, दहा कोंबड्या नि एक कोंबडा पाळा, वर्षाला इतकी अंडी, तितके पैसे, घरातल्या बायकांना हातखर्चाची सोय वगैरे. हिशोब बरोबरच असेल, मी काही त्यात चूक काढत नाही. पण अख्ख्या अर्ध्या पानात मुंगूस हा शब्द एकदाही आला नाही हो. ज्याने लिहिलंय त्याने कोंबड्या मोजल्यात पण पाळल्या नसाव्यात असं मला वाचताना वाटलं, राग मानू नका.

मी सिंधुदुर्गात एका वाडीत राहते. घरी सासूबाई, हे, मी, आणि मे महिन्यात मुंबईहून येणारी मुलं-नातवंडं. कोंबड्या कायमच आहेत, कधी आठ कधी पंधरा, गावठीच, गिरिराज नि वनराज या सुधारित जातीच्या पण एकदा आणून बघितल्या, मोठ्या होतात पण अंगाने जड, पळता येत नाही म्हणून घारीला आणि कुत्र्याला पहिल्या त्याच सापडतात. असो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेदहाची वेळ, मी अंगणात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं सुकत घालत होते, हात सगळे लालभडक. मागच्या पेरूखाली आमची काबरी सात पिल्लं घेऊन उकरत होती, पिल्लं नऊ दिवसांची. एकदम असा आवाज आला की काय सांगू, कोंबडी घार बघून ओरडते तो वेगळा, साप बघून ओरडते तो वेगळा, आणि हा वेगळाच, गळा धरल्यासारखा. धावत गेले तर मुंगसाने तिला पाठीवर मानेच्या खाली धरलेली आणि ती पंख आपटत जागच्या जागी गोल फिरतेय. मी हातातली परात फेकली, मुंगूस गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटीत गेलं, जाताना एक पिल्लू घेऊनच गेलं. दुसरं कुठे गेलं ते शेवटपर्यंत मिळालं नाही. लोकांना वाटतं मुंगूस रात्री येतं, तर नाही, रात्री येतं ते उदमांजर किंवा रानमांजर, मुंगूस दिवसाढवळ्या येतं, आपण अंगणात असताना.

काबरीला उचललं तर माझे हात आधीच लाल, त्यामुळे रक्त किती आणि रातांबा किती तेच कळेना. पिसं बाजूला करून बघितलं तर पाठीचं कातडं तळहाताएवढं सुटून लोंबत होतं, खालचं मांस दिसत होतं, आणि पंखाखाली दाताची दोन-दोन भोकं. हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहिते, कोंबडीची पिसं सगळं झाकतात. वरून बघाल तर चार पिसं विस्कटल्यासारखी दिसतात आणि आत अर्धी पाठ सोललेली असते. अंगभर हात फिरवून, पंख उचलून, पोटाखाली बघितल्याशिवाय काही नाही झालं असं म्हणू नये.

शेजारच्या काकू आवाज ऐकून आल्याच. "काप गो तिका, रस्सो कर," पहिलं वाक्य हेच. वाईट बाई नाही हो ती, आमच्याकडे रीतच तशी आहे, कोंबडी दुखावली की संध्याकाळी वडे. मी पण आजवर तेच केलंय, खोटं कशाला बोलू. पण पाच पिल्लं पायात येऊन उभी होती आणि सासूबाई पडवीतून म्हणाल्या, "जगतली ती, तुरो बघ, लाल आसा अजून." सासूबाईंना आता डोळ्याने नीट दिसत नाही पण तुरा दिसला.

काकूंनी मग घरातून मूठभर हळद आणून मी काही करायच्या आधीच जखमेत भरली. प्रेमाने भरली. त्या हळदीचा रक्तात चिखल झाला आणि तो धुऊन काढायला मला अर्धा तास लागला, कारण खाली काय आहे तेच दिसेना. हळद वाईट असं मी म्हणत नाही, पण डब्यातली हळद म्हणजे काही औषध नव्हे, तिच्यात लवंगेचा चुरा पण असतो आणि मुंग्या पण असतात. चुलीतली राख, चहापावडर, हे तर नकोच.

माझा भाचा पशुवैद्यकीय शिकलाय, लांब नोकरीला असतो, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले तेव्हा त्याने एकेक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून ठेवली. पहिलं, स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबव. दुसरं, लगेच धुवायची घाई करू नको, आधी तिला अंधाऱ्या शांत जागेत अर्धा तास बसू दे, धसक्यानेच जास्त मरतात. मग उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ, आणि सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने जखमेवर पिचकारी, घाण वाहून जाईपर्यंत. त्यानंतर बेटाडीन, पण बाटलीतलं तसंच नाही, कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. दाताच्या भोकांवर जास्त लक्ष, कारण मोठी जखम दिसते म्हणून आपण तीच बघत बसतो आणि पू होतो तो त्या बारक्या भोकांत. आणि हे सगळं करताना हातमोजे, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांध, कारण मुंगसाची लाळ ताजी आहे आणि तुझ्या हातांना कोयतीच्या चिरा आहेत. कोंबडीपासून रेबीज होत नाही, पण मुंगसापासून होऊ शकतो, ते माणसाला चावलं तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं, घरगुती काही नाही. हे मला माहीत नव्हतं, मी आपली कुत्र्याचीच लस समजत होते.

पाणी पाजायचं तर मी आपली चोच उघडून चमच्याने ओतायला निघाले होते, तेवढ्यात तो फोनवरच ओरडला. जिभेच्या लगेच मागे श्वासनळीचं भोक असतं, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा, ती आपली आपण चाटून घेते. गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी दिलं. पहिल्या दिवशी खाल्लं काहीच नाही, शीट हिरवीगार पाण्यासारखी, मी घाबरले, तर पोटात अन्न नसलं की पित्ताने तशी होते म्हणाला.

आता ठेवायचं कुठे. आंब्याचा प्लास्टिकचा क्रेट घेतला, खाली गवत घालणार होते पण गवत ओल्या जखमेला चिकटतं म्हणून जुनी सुती साडी चौघडी करून घातली. आणि माशा! मे महिना, दारात रातांबे, फणसाचे चोथे, माशांचं जत्रेसारखं चाललेलं. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की दिवसभरात अळ्या, आमची एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, मागे अशीच गेली, वरून जखम सुकलेली आणि आतून वळवळ, तो वास मी अजून विसरले नाही. तेव्हा या वेळी नातवाची ती छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी असते ना, बाळांवर ठेवतात ती, ती क्रेटवर ठेवली. सूनबाईने बघितलं, काही बोलली नाही, नवीन ऑर्डर केली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला एका दवाखान्यात फोन केला. कुठला ते लिहीत नाही, उगाच एकाला धरून काय करायचं, दुसरीकडे केला असता तरी बहुतेक तेच ऐकलं असतं. पलीकडचे गृहस्थ आधी गाय की म्हैस विचारले. कोंबडी म्हटल्यावर थोडा वेळ शांत, मग हसायला लागले. "ओ ताई, पाचशेची कोंबडी, इकडे आणायला तुम्हाला रिक्षाच तीनशे पडेल." बरोबर बोलले, हिशोब चोख होता. मी पण हसले आणि फोन ठेवला आणि मग दिवसभर मला त्या हसण्याचा राग आला, त्यांचा नाही, माझा. तो फिरत्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा १९६२ नंबर आहे ना, तो पण माझ्याकडे लिहिलेला आहे, भिंतीवर, पण गुरांसाठी असतो असं धरून चाललो आहोत सगळे, कोंबडीसाठी तो लावायला बोट धजेना.

संपादक साहेब, माझं म्हणणं एवढ्यासाठीच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात पंच्याऐंशी कोटी पक्षी मोजले, त्यातले साधारण बत्तीस कोटी परसातले, म्हणजे आमच्यासारख्यांच्या दारातले, आणि आधीच्या गणनेपेक्षा ते पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त वाढलेत. वाढवा म्हणून सांगायला सगळे आहेत, योजना आहेत, पिल्लांचं वाटप आहे, फोटो आहेत. आणि त्यातली एक दुखावली तर कापा. गाय आजारी पडली तर अख्खी वाडी जमते. बाईच्या हातात नवऱ्याला न विचारता खर्च करायला जे पैसे येतात ते आमच्याकडे बहुतेक अंड्यांचेच असतात, गावठी अंडं पंधराला जातं, मुलीची वह्या-पुस्तकं त्यात झाली आहेत, माझी दोन दातांची कामं त्यात झाली आहेत, मग ते जनावर पाचशेचं कसं? गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पोल्ट्रीवाली तीनशे देते हे मला माहिती आहे, पण पोल्ट्रीवाली एकवीस दिवस अंड्यांवर बसत नाही आणि मुंगसापुढे उभी राहत नाही.

लसीचंही तसंच आहे, विषय निघाला म्हणून. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस येते ती शंभर-शंभर डोसच्या बाटलीत, एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवायची. माझ्याकडे अकरा कोंबड्या. उरलेल्या एकोणनव्वद डोसचं मी काय करू, लोणचं घालू? वाडीने मिळून एकाच दिवशी द्यायची तर सगळ्यांच्या कोंबड्या एका सकाळी खुराड्यात कोंडून ठेवायला कोणीतरी सांगणारं लागतं, आणि ते कोणी येत नाही.

तर काबरी. तिसऱ्या दिवशी पाठीवर कातडीखाली फुगा आला, बोटाने दाबला की चुरचुर आवाज, तव्यावर पापड हलवल्यासारखा. मला वाटलं संपलं. भाचा म्हणाला पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसाशिवाय हवेच्या पिशव्या असतात, दात लागून एखादी फाटली की हवा कातडीखाली येते, फार वाढला आणि श्वास लागला तर डॉक्टरने सुईने काढावी लागते, तू टोचू नकोस. दोन दिवसांत आपोआप बसला. लोंबणारं कातडं शिवायचं का विचारलं तर तोपर्यंत उशीर झालेला, चावलेली जखम घाण असते, बंद केली तर पू आत कोंडतो, उघडीच भरू दे म्हणाला. आणि कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही हे मला या वयात कळलं, पिवळा घट्ट, चुरलेल्या पनीरासारखा साकळतो. पंखाखालच्या एका भोकात तसा झालाच. त्यासाठी शेवटी एका खासगी डॉक्टरांना गाठलं, ते दुसऱ्या वाडीत म्हशीला आले होते, जाता जाता पाच मिनिटं थांबले, तो खडा काढला, काबरीला हातात धरून वजनाचा अंदाज घेतला आणि पाच दिवसांचं अ‍ॅण्टिबायोटिक लिहून दिलं. पैसे घेतले नाहीत. कोंबडीचे काय घ्यायचे म्हणाले. यांचा मला राग यावा की आनंद व्हावा ते अजून ठरत नाहीये.

औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडं किंवा मांस खायचं नाही, हे पण त्यांनी बजावलं. आमच्याकडे लोक काय करतात, घरातल्या माणसाची उरलेली कॅप्सूल फोडून अर्धी भाकरीत घालतात, आणि चार दिवसांनी तीच कोंबडी ताटात. तसं करू नका हो कोणी.

सगळ्यात अवघड काय होतं सांगू? पिल्लं. बाकीच्या कोंबड्यांपासून लांब ठेवायचं हे मला माहिती होतं, लाल दिसलं की त्या टोचतात, आपली सख्खी बहीण असली तरी. पण पिल्लांना तिच्यापासून तोडलं तर ती अन्न घेईना आणि पिल्लं रात्रभर ची ची करत. जवळ सोडली तर ती पोरटी आईच्याच पाठीवर चढून जखमेचा लाल ठिपका टोचायची, नऊ दिवसांच्या पिल्लाला काय कळतंय आई. शेवटी असं केलं की दिवसा पिल्लं शेजारच्या क्रेटमध्ये, तिला दिसतील ऐकू येतील अशी, आणि अंधार पडला की तिच्या पोटाखाली सरकवायची. काळोखात कोंबडीला दिसत नाही, पिल्लांनाही दिसत नाही, सगळे गपगार. पहाटे उजाडायच्या आत मी उठून परत वेगळी करायची. बारा रात्री केलं. हे म्हणाले, आपल्या पोरांसाठी इतक्यांदा उठली नव्हतीस. उठले होते, हे झोपलेले होते.

खाणं चौथ्या दिवसापासून सुरू झालं. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं, तिला तिचंच देतेस म्हणून नातू रडला. मग भिजवलेले तांदूळ, कण्या, थोडी नाचणी. सातव्या-आठव्या दिवशी जखमेवर काळी कडक खपली धरली, मी ती काढायला जाणार होते पण काढायची नसते, खालून नवं कातडं आलं की आपण सुटते. तिसऱ्या आठवड्यात सुटली, खाली गुलाबी, लहान बाळाच्या टाचेसारखं. महिन्याने त्यावर टाचण्या उगवाव्यात तसे पिसांचे खुंट आले. मधल्या जागेला मात्र पिसं आलीच नाहीत, तिथे बोटभर टक्कल आहे.

आता मुंगसाचं. काकूंचा मुलगा फासकी, म्हणजे तारेचा फास, लावतो म्हणाला. मी नको म्हटलं. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मारलं तर गुन्हा आहे, हे एक. दुसरं म्हणजे रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात वाचते मी, फासकीला कोण अडकलं ते कळत नाही. आणि आमच्या गडग्यात नाग आहेत, मुंगूस आहे म्हणून ते आवरून आहेत असं सासूबाई म्हणतात. मुंगसाने काय केलं, त्याला पण पिल्लं असतील. चूक माझी, पेरूखालचं कुंपण षटकोनी कोंबडीजाळीचं होतं. ती जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक, मुंगूस बाहेर ठेवायला नाही, ते तिला दातांनी फाकवतं नाहीतर खालून उकरून येतं. आता अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली जाड तारेची जाळी, लावली, फूटभर जमिनीत गाडून, वर घारीसाठी जुनं मासेमारीचं जाळं. पिल्लं महिन्याची होईपर्यंत त्यातच. खर्च झाला, तो मी इथे लिहीत नाही कारण हे पेपर वाचतात.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे की पुढच्या वेळी अर्धं पान काढाल तेव्हा पाव पान दुखापतीला द्या, कोणा पशुवैद्याकडून लिहून घ्या, जाळी कुठली ते लिहा, मिठाचं प्रमाण लिहा. आणि दवाखान्यांनी आठवड्यातला एक तास कोंबड्यांचा ठेवावा, बाजाराच्या दिवशी ठेवला तर बायका पिशवीतून घेऊन येतील, रिक्षाचा वेगळा खर्च पण नको. बोर्डावर गाय-बैलाचं चित्र असतं तिथे एक कोंबडी काढा, म्हणजे फोन करताना तरी लाज वाटणार नाही.

कळावे,
आपली एक वाचक,
सिंधुदुर्ग

ता.क. पुरवणीसाठी काबरीचा फोटो हवा असेल तर मिळणार नाही. ती परत अंड्यांवर बसली आहे आणि सासूबाई म्हणतात दृष्ट लागेल.